आपल्याला काय करायचंय?

आमच्या घरात दोन भाषा नांदतात. मी माहेरची मराठी, सासूबाई कन्नड. त्यांना आम्ही सगळेच अव्वा म्हणतो. टीव्हीवर कुठे दंगल, कुठे मोर्चा, कुठे धरपकड अशी बातमी लागली, की अव्वा रिमोट हातात घेतात आणि म्हणतात, “नमगॅ याक बेकु?” म्हणजे ‘आपल्याला कशाला हवं?’ माझी आई हेच मराठीत म्हणायची, “आपल्याला काय करायचंय?” सीमाभागात राहणाऱ्या माणसांना हे वाक्य दोन्ही भाषांत पाठ असते. भांडणाच्या कडेला राहायचे तर ते शिकावेच लागते.

या वाक्याबद्दल मला लिहायचे आहे, पण त्यासाठी आधी वाचकांना जरा दूर, बुऱ्हाणपूरला न्यावे लागेल.

माझी मावशी बुऱ्हाणपूरला दिलेली. २०२३ च्या हिवाळ्यात तिच्या नातीचे लग्न होते. आम्ही भुसावळला रेल्वेतून उतरलो आणि पुढे रस्त्याने गेलो. रावेर मागे पडले की मध्य प्रदेशाची हद्द लागते, पण केळीच्या बागा काही थांबत नाहीत. पाट्या हिंदी होतात, बोलणे मात्र बराच वेळ मराठीच ऐकू येते. आपल्याकडे निपाणी-संकेश्वराच्या बाजूला जसे होते, तसेच. मला ते गाव लगेच आपले वाटले.

लग्नाच्या आदल्या दिवशी काकांनी, म्हणजे मावशीच्या यजमानांनी, आम्हाला गाव दाखवले. तापीचा घाट, शाही किल्ला, जिथे मुमताज महल १६३१ साली वारली. मग जामा मशीद. तिच्या आत भिंतीवर अरबी लेखाबरोबर एक संस्कृत शिलालेख आहे. मशीद बांधणाऱ्या फारुकी सुलतानाची वंशावळ त्यात संस्कृतात दिली असून काळ संवत १६४६, शके १५११ असा नोंदवला आहे. मशिदीच्या भिंतीवर शके! ‘शालिवाहन शके’ म्हणून पत्रिका छापणारे आपण लोक. मला तिथून हलावेसे वाटेना. कोणाची भाषा कोणत्या धर्माची, हा प्रश्न त्या कारागिराला पडला नसावा.

संध्याकाळी मावा जिलेबी खाताना मी सहज विचारले, “काका, ते मोहद गाव इथूनच जवळ ना? ती क्रिकेटची केस?” मावशीच्या घरी त्या वेळी सात-आठ माणसे होती. एकदम शांतता झाली. काका म्हणाले, “सोड गं. आपल्याला काय करायचंय?” त्याच वेळी शेजारचे मोमीन चाचा लग्नघरासाठी सतरंज्या घेऊन आत आले. सगळ्यांनी “या, या” म्हटले, विषय बदलला. चाचांना कळले की नाही कोण जाणे. मला मात्र त्या शांततेची लाज वाटली.

मोहदला काय झाले?

ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १८ जून २०१७ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर चॅम्पियन्स ट्रॉफीचा अंतिम सामना झाला. पाकिस्तानने ४ बाद ३३८ धावा केल्या, आपला संघ १५८ धावांत आटोपला. १८० धावांनी हार. त्या रात्री आमच्याही घरात कोणी नीट जेवले नाही.

त्यानंतर दोन दिवसांच्या आत बुऱ्हाणपूर जिल्ह्यातल्या मोहद गावातून पंधरा मुसलमान पुरुषांना शाहपूर पोलिसांनी पकडले. आरोप असा, की त्यांनी पाकिस्तानच्या विजयानंतर फटाके वाजवले, मिठाई वाटली, घोषणा दिल्या. कलम लावले १२४ अ, म्हणजे राजद्रोह. जन्मठेपेपर्यंत शिक्षा असलेले कलम. पकडलेल्यांपैकी पुष्कळजण तडवी होते. तडवी भिल्ल म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याला पिढ्यान्‌पिढ्या राहणारे आदिवासी. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या रावेर, यावल, चोपड्यातही त्यांची वस्ती आहे. लंडनच्या मैदानाशी त्यांचा काय संबंध?

आणि मग एक वेगळीच गोष्ट घडली. पोलिसांच्या कागदावर फिर्यादी म्हणून ज्याचे नाव होते, तो गावातलाच एक हिंदू तरुण, उघडपणे पुढे आला. त्याने सांगितले की मी अशी तक्रार केलेलीच नाही. घोषणा ऐकल्या नाहीत, फटाके पाहिले नाहीत. माझे नाव वापरून हे प्रकरण उभे केले आहे.

चारच दिवसांत पोलिसांना राजद्रोहाचे कलम मागे घ्यावे लागले. त्याऐवजी १५३ अ लावले, म्हणजे दोन समाजांत वैर वाढवणे. माणसे जामिनावर सुटली, पण खटला काही सुटला नाही. कोठडीत मारहाण झाल्याचे त्यांनी सांगितले. पुढे सहा वर्षे तारखा चालल्या. आरोपींपैकी एकाने २०१९ साली आत्महत्या केली.

ऑक्टोबर २०२३ मध्ये बुऱ्हाणपूरच्या न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडले. फिर्यादी आणि गावातल्या साक्षीदारांनी न्यायालयासमोर पोलिसांच्या कथेला दुजोरा दिला नाही. निकाल मी मावशीकडे जाण्याच्या थोडे दिवस आधीच लागला होता. ज्या दिवशी पकडले त्या दिवशी देशभर बातमी झाली होती. सुटले तेव्हा फारच थोड्या ठिकाणी चार ओळी आल्या.

टाळी वाजवणे हा गुन्हा आहे का?

वाचकहो, मी राज्यशास्त्र शिकवते. वर्गात हा विषय निघाला की मुले विचारतात, “मॅडम, समजा खरंच फटाके वाजवले असते तर?” प्रश्न सरळ आहे, उत्तरही सरळ दिले पाहिजे.

भारत हरल्यावर कोणी आनंद केला तर मला वाईट वाटेल, रागही येईल. पण मला राग आला म्हणून समोरच्याचा गुन्हा होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली केदारनाथ सिंग खटल्यात सांगून ठेवले की नुसते बोलणे, टीका करणे हा राजद्रोह नाही. हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता बिघडवण्याचा हेतू अथवा कल असला पाहिजे. १९९५ च्या बलवंत सिंग खटल्यात तर इंदिरा गांधींच्या हत्येच्या दिवशी चंदीगडमध्ये खलिस्तानच्या घोषणा दिल्याचा आरोप होता. न्यायालयाने त्यांनाही सोडले, कारण दोन-चार घोषणांपलीकडे काहीच घडले नव्हते. मग एका क्रिकेट सामन्याचे काय?

१९९० साली इंग्लंडमधले एक पुढारी नॉर्मन टेबिट यांनी म्हटले होते की बाहेरून आलेल्या लोकांची निष्ठा ते क्रिकेटमध्ये कोणाला पाठिंबा देतात यावरून तपासावी. तिथल्या आपल्या लोकांना ते लागले, आणि बरोबरच होते. आज ब्रिटिश पासपोर्ट असलेली कितीतरी मराठी कुटुंबे ओव्हलवर तिरंगा घेऊन बसतात. इंग्लंडविरुद्ध भारत जिंकला की नाचतात. तिथले पोलीस त्यांच्या घरी गेले तर आपल्याला कसे वाटेल? आणि आपल्याकडचेच उदाहरण हवे असेल तर ३१ जानेवारी १९९९ आठवा. चेन्नईला पाकिस्तान बारा धावांनी कसोटी जिंकला. सचिनचे शतक वाया गेले होते. तरी चेपॉकवरच्या प्रेक्षकांनी उभे राहून पाकिस्तानी संघाला टाळ्या दिल्या. त्या टाळ्यांचा आपण आजही अभिमानाने उल्लेख करतो. टाळी तीच, चेन्नईच्या प्रेक्षकाची ती खिलाडूवृत्ती ठरते, आणि मोहदच्या तडव्याने वाजवल्याचा नुसता संशय आला तर तो देशद्रोह ठरतो. फरक कृतीत नाही, माणसाच्या नावात आहे.

राष्ट्रप्रेम धर्मावरून मोजायला लागलो की असे होते. एकाला जन्मतःच प्रमाणपत्र, दुसऱ्याने मात्र रोज परीक्षा द्यायची, आणि तीही नापास होईपर्यंत. मग पोलिसाला पुरावा शोधावा लागत नाही, आरोप ऐकल्याबरोबर लोकच मान डोलावतात.

हे कलम आपल्या ओळखीचे आहे

कोणी म्हणेल, बुऱ्हाणपूर लांब आहे. पण हे कलम आपल्या गावचे जुने पाहुणे आहे. लोकमान्य टिळकांना १८९७ साली आणि पुन्हा १९०८ साली याच १२४ अ खाली शिक्षा झाली. दुसऱ्या वेळी सहा वर्षे मंडालेला. सुटून आल्यावर १९१६ साली त्यांनी बेळगावातच होमरूल लीग स्थापन केली. त्या मे महिन्यातले त्यांचे बेळगावचे भाषण आणि नगरची दोन भाषणे राजद्रोही ठरवून सरकारने त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका मागितला. मुंबई उच्च न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. टिळकांचे वकील कोण होते? बॅरिस्टर जिना. ज्यांच्या नावाने आज एखाद्याला देशद्रोही ठरवता येते, तेच टिळकांवरचा राजद्रोहाचा ठपका पुसायला उभे होते.

अगदी अलीकडचे घ्या. जानेवारी २०२० मध्ये आपल्या शेजारच्या बीदरला एका शाळेत मुलांनी नागरिकत्व कायद्यावर नाटुकले केले. मुख्याध्यापिका आणि एका विद्यार्थिनीची आई अशा दोघींना राजद्रोहाच्या कलमाखाली अटक झाली. पोलिसांनी लहान लहान मुलांनाही प्रश्न विचारले. जून २०२३ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. २०२१ च्या डिसेंबरात बेळगावात पुतळ्यांच्या प्रकरणावरून दगडफेक झाली, तेव्हा मराठी तरुणांवर हेच कलम लागले. आपल्यापैकी कितीजणांना तेव्हा प्रथमच कळले, की राजद्रोह फक्त ‘त्यांच्यावर’ लागत नाही. दगडफेकीला दगडफेकीचे कलम आहे. त्यासाठी माणसाला देशाचा वैरी ठरवावे लागत नाही.

यात एकाच पक्षाला दोष देऊन भागणार नाही. २०१२ साली मुंबईत व्यंगचित्रकार असीम त्रिवेदी यांना याच कलमाखाली पकडले तेव्हा राज्यात काँग्रेस आघाडीचे सरकार होते. त्याच सुमारास तमिळनाडूत कुडनकुलमच्या अणुप्रकल्पाला विरोध करणाऱ्या हजारो कोळ्यांवर आणि गावकऱ्यांवर हे कलम लागले, तिथे तिसराच पक्ष होता. केंद्रीय गृहखात्याचीच आकडेवारी आहे, की २०१४ ते २०१९ या काळात देशात राजद्रोहाचे ३२६ गुन्हे नोंदले गेले आणि शिक्षा झाली सहा जणांना. म्हणजे गुन्हा सिद्ध करणे हा हेतू क्वचितच असतो. अटक, बदनामी आणि तारखा यातच शिक्षा उरकते.

११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४ अ चा वापर थांबवला. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीत ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. पण कलम १५२ आहे. देशाचे सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणणारे बोलणे-लिहिणे त्यात येते, आणि शिक्षा पुन्हा जन्मठेप किंवा सात वर्षांपर्यंत. जुन्या कलमात पर्यायी शिक्षा तीन वर्षांपर्यंतची होती.

हजेरीचे पुस्तक

आता जे लिहायला मला वीस वर्षे लागली ते लिहिते.

मी नुकतीच हंगामी अधिव्याख्याता म्हणून लागले होते. आमच्या भागात भाषेवरून आंदोलन पेटले होते. एका बसवर दगड पडले, आणि दगड मारणाऱ्यांच्या यादीत माझ्या वर्गातल्या एका मुलाचे नाव आले. त्या दिवशी, त्या वेळी तो माझ्या तासाला बसलेला होता. हजेरीचे पुस्तक माझ्याच कपाटात होते, त्यात त्याच्या नावापुढे माझ्या हाताची खूण होती.

त्याचे वडील माझ्या घरी आले. आई कन्नड, बाप मराठी, अगदी आमच्यासारखेच घर. म्हणाले, “ताई, तो तुमच्या वर्गात होता एवढं फक्त लिहून द्या.” मी दोन दिवस मागितले. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना विचारले. ते म्हणाले, “तुमची नोकरी कायम नाही. आपल्याला काय करायचंय?” मी घरी येऊन अव्वांना सांगितले. त्या म्हणाल्या, “नमगॅ याक बेकु?”

मी लिहून दिले नाही. वडील पुन्हा आले तेव्हा मी आत होते, आणि घरात नाही असे सांगायला लावले.

तो मुलगा चार वर्षांनी सुटला. वर्ष बुडाले, सरकारी नोकरीच्या अर्जात ‘गुन्हा दाखल आहे काय’ या रकान्यापाशी तो दर वेळी अडकला. आज त्याचे मोटारीच्या सुट्या भागांचे दुकान आहे. रस्त्यात भेटला की “नमस्कार मॅडम” म्हणतो. मुलाने मला कधी काही विचारले नाही. विचारले असते तर बरे झाले असते.

म्हणून मोहदच्या त्या तरुणाची बातमी मी २०१७ साली वाचली तेव्हा कापून ठेवली. त्याला काही करायची गरज नव्हती. पकडलेले लोक त्याच्या धर्माचे नव्हते, जातीचे नव्हते. नुसते गप्प बसला असता तर गावात, ठाण्यात त्याची पत वाढलीच असती. माझ्याकडे नोकरी होती, पदवी होती, हजेरीचे पुस्तक होते. त्याच्याकडे फक्त स्वतःचे नाव होते, आणि खोट्या कामाला त्याने ते दिले नाही.

लोकशाही म्हटले की आपल्याला संसद आणि सर्वोच्च न्यायालय आठवते. पण मोहदमध्ये राजद्रोहाचे कलम चार दिवसांत गळाले ते त्या तरुणामुळे. आणि सहा वर्षांनी न्याय मिळाला तो जिल्ह्याच्या गावातल्या कोर्टात, शेजाऱ्यांनी साक्षीच्या पिंजऱ्यात खरे सांगितले म्हणून. स्वातंत्र्य जाते ते एका रात्रीत नाही; ‘आपल्याला काय करायचंय’ असे प्रत्येक घर एकदा म्हणते आणि ते थोडे थोडे जाते. परत मिळवायचे तर कोणीतरी एकाने ‘हे मी पाहिलेलं नाही’ किंवा ‘हे मी पाहिलंय’ असे खरे ते म्हणावे लागते.

एवढे तरी ठाऊक असावे

आपल्या घरातल्या मुलामुलींना चार गोष्टी जरूर सांगा. फिर्याद नोंदवली की पोलिसांनी ती फिर्यादीला वाचून दाखवायची असते आणि तिची प्रत फुकट द्यायची असते; वाचल्याशिवाय सही करू नये. साक्षीदार म्हणून पोलीस तपासात जबाब घेतात, त्यावर सही घेता येत नाही. अटक झालेल्याला चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करावे लागते आणि त्याला पसंतीचा वकील घेण्याचा हक्क आहे; घटनेच्या बाविसाव्या कलमात हे लिहिले आहे. ज्याला वकील परवडत नाही त्याच्यासाठी प्रत्येक जिल्ह्यात विधी सेवा प्राधिकरण आहे. मात्र या सगळ्याला अर्थ येतो तो कोणीतरी खरे सांगायला उभा राहिला तरच.

लग्नाच्या दिवशी मोमीन चाचा पंगतीत वाढायला होते. परतण्याआधी मी त्यांच्या घरी गेले. यंत्रमागाचा खडखडाट चालू होता. मोहदचा विषय मीच काढला, निकाल लागला हे बरे झाले असे म्हटले. चाचांनी माग बंद केला, थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग चहा सांगितला. काकांना नंतर कळले तेव्हा ते रागावले नाहीत. म्हणाले, “बरं केलंस. आम्हाला इथं राहून जमलं नाही.”

घरी आल्यावर अव्वांना सगळे सांगितले. मोहदचे, आणि हजेरीच्या पुस्तकाचेही. त्या मुलासाठी मी काहीच केले नाही हे त्यांना ठाऊक होते, पण आम्ही दोघी त्यावर कधी बोललो नव्हतो. अव्वा बराच वेळ शेंगा सोलत राहिल्या. ‘नमगॅ याक बेकु’ म्हणाल्या नाहीत. म्हणाल्या, “त्या पोराचं नाव काय गं, तिथल्या?”

मी सांगितले. इथे छापत नाही, कारण त्याचे नाव न विचारता वापरून झालेले आहे. अव्वांनी ते दोनदा म्हणून पाहिले, आणि मग आपल्या त्या दुकानवाल्या मुलाला एकदा जेवायला बोलव म्हणाल्या. पुढच्या रविवारी तो यायचा आहे. वीस वर्षांपूर्वीच्या त्या दोन दिवसांबद्दल त्याच्याशी बोलायचे मी ठरवले आहे.